पायवाटेचं रान, जिप्सीचं रान

हिवाळी सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन नावं हमखास असतात: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि चंद्रपूरचं ताडोबा. यावेळची सगळी जागा या दोन रानांना दिली आहे.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. मुलं 7 आणि 11 वर्षांची. एक दिवस बोरिवली आणि नंतर तीन दिवस ताडोबा असा बेत आहे. दोन्ही राष्ट्रीय उद्यानंच आहेत, तर तयारी एकच करावी का?

नाही, आणि बेत फसतो तो बहुतेक वेळा इथेच. पाटीवर शब्द एक असला तरी बोरिवलीत चालायचं असतं आणि ताडोबात बसायचं असतं. बोरिवलीचं रान साधारण 104 चौरस किलोमीटर, शहराला अगदी चिकटलेलं. तिथे पायी, सायकलने, लेण्यांच्या पायऱ्यांवरून फिरता येतं. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं नुसतं गाभा क्षेत्र 625 चौरस किलोमीटर, भोवतीचा बफर पट्टा धरून 1727. तिथे जिप्सीतून, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीतून, खाली पाय ठेवायचा नाही. पहिल्या ठिकाणी पोटऱ्यांची परीक्षा असते, दुसऱ्या ठिकाणी पाठीची आणि धीराची. दिवसभर मोकळं पळालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी तीन-चार तास गप्प बसवायचं असेल, तर हा फरक त्याला आधी घरी सांगून ठेवा.

क्रम तुम्ही योग्य निवडलाय. चितळ, सांबर, वानर, बिबट्या, साग, कांडोळ हे सगळं दोन्हीकडे आहे. बोरिवलीत पायी हिंडताना कांडोळाची पांढुरकी, कागदासारखी सुटणारी साल मुलांनी जवळून पाहिली, की ताडोबाच्या उतारावर तेच झाड ती लांबून ओळखतात. मग वाघ दिसेपर्यंतचा वेळ रिकामा जात नाही.

वार मात्र नीट बघा. बोरिवली सोमवारी बंद, ताडोबा मंगळवारी बंद. या दोन सुट्ट्या प्रवासात घाला: रविवारी बोरिवली, सोमवारी रात्रीच्या गाडीने नागपूर, मंगळवारी मुक्कामी पोचून झोप, बुधवारी पहाटे पहिली फेरी. बुधवारी सकाळ आणि दुपार, गुरुवारी फक्त सकाळ, शुक्रवारी सकाळ, अशा चार फेऱ्या या वयाच्या मुलांना पुरतात. तीन दिवसांत सहा फेऱ्या कोंबल्या तर चौथ्या फेरीपासून धाकटं मूल गाडीत झोपतं. शिवाय आठवड्याच्या मधल्या वारांना दर शनिवार-रविवारपेक्षा कमी असतात.

प्रश्न : बोरिवलीच्या मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकलने जायचं आहे. मुलगी 12 वर्षांची आहे. रस्ता झेपेल का? (डोंबिवली)

झेपेल, सकाळी लवकर निघालात तर. अंतर एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. सुरुवातीचा भाग सोपा, मग चढ लागतो आणि शेवटचा टप्पा सरळ सरळ दमवतो. मुलं बरोबर असली की जायला पाऊण ते एक तास धरा. शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलत न्यायला काही हरकत नाही. उभं राहून पेडल मारत राहिलं तर वर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात आणि लेण्यांच्या पायऱ्या नकोशा होतात.

भाड्याची सायकल घेणार असाल तर वर कुठपर्यंत नेऊ देतात आणि परत किती वाजता द्यायची हे पैसे देण्याआधी विचारा. खासगी गाड्या आत सोडण्याचे नियमही बदलत असतात, तेही तेव्हाच विचारून घ्या. मग सायकल हातात घेऊन दोन मिनिटं द्या. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. लिव्हर हँडलच्या मुठीला टेकत असेल तर ती सायकल परत करा, कारण चढताना ब्रेक लागत नाहीत, उतरताना सगळा भार त्यांच्यावरच येतो. चाक उचलून फिरवा. ते ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर रिम वाकलेली आहे. टायर अंगठ्याने दाबून बघा, सहज खड्डा पडला तर हवा भरून घ्या. सीट अशी लावा की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. भाड्याच्या सायकलींची सीट बहुतेक वेळा खाली असते आणि गुडघे दुखतात ते त्यामुळे.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, आणि मागचा आधी. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सायकल मागून उचलली जाते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. सतत दाबून ठेवला तर रबर तापतं आणि पकड सुटते. डिसेंबरनंतर रस्त्याच्या कडेला वाळका पाला साचतो. वळणावर त्याच्यावरून गेलात की चाक घसरतं, म्हणून वळण्याआधीच वेग कमी करायचा.

लेण्यांसाठी पुरातत्त्व विभागाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. लेणी शंभराहून जास्त आहेत. सगळी बघायची जिद्द धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य निवांत बघा. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला तो, आणि व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंच मूर्ती आहेत. मग अकरावं, दरबारासारखं लांबलचक लेणं, आणि पाय साथ देत असतील तर एक्केचाळिसाव्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व.

मुलांना सगळ्यात रमवते ती मात्र इथली पाण्याची व्यवस्था. लेण्याच्या दाराशेजारी जमिनीत चौकोनी तोंडाचं टाकं दिसेल. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. आता वरच्या कातळाकडे बघा: बोटभर खोलीचे, छिन्नीने काढलेले चर उतारावरून आडवे-तिरपे खाली येतात आणि पावसाचं पाणी पोढीत आणून सोडतात. मुलीला एक चर वरून धरायला सांगा आणि तो कुठल्या पोढीत उतरतो ते बोटाने माग काढत शोधू द्या. यात अर्धा तास सहज जातो, आणि हे लेणं माणसं राहण्यासाठी होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

माकडं इथे धीट आहेत. त्यांना वासापेक्षा प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आधी कळतो. डबा पाठपिशवीत, पिशवीची चेन बंद, हातात काही नाही. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या, खेचाखेचीत चावा बसतो. आणि काही झालं तरी खायला घालू नका. माणसाच्या हातातून खाणं मिळालेलं माकड पुढच्या पोरावर झडप घालतं.

प्रश्न : ताडोबाचं बुकिंग करताना कोअर, बफर, गेट, फेरी यांत गोंधळ उडाला. शेवटी चुकीचं गेट घेतलं आणि रद्द करावं लागलं. नेमकं कसं करायचं? (नाशिक)

क्रम उलटा झाला की हे होतं. बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात, मग मिळेल ते गेट घेतात. आधी गेटची फेरी मिळवा, मग त्याच गेटजवळ मुक्काम शोधा. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरहून जवळ. कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या बाजूला, नागपूरहून सोयीचं. नकाशात दोन्ही गेटं एकाच जंगलाची दिसतात, पण मधलं जंगल ओलांडून पहाटे जाता येत नाही, बाहेरून मोठा वळसा पडतो. कोलाऱ्याला झोपून मोहर्लीची सकाळची फेरी गाठायची म्हणजे रात्रीच निघायला हवं.

कोअर म्हणजे गाभा, तिथे फेऱ्या मोजक्या आणि आधीच भरतात. बफरमध्ये गावं, शेतं, रान मिसळलेलं असतं. बफर म्हणजे दुय्यम, असं समजू नका, वाघाला ती हद्द ठाऊक नसते. चार फेऱ्यांपैकी तीन कोअर आणि एक बफर घ्या. बफरमध्ये मोह, तेंदू, बांबू आणि गावकऱ्यांचं त्यांच्याशी असलेलं नातं गाईडकडून समजून घेता येतं.

एका जिप्सीत सहा पर्यटक, वर चालक आणि गाईड. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ घेऊन जा, झेरॉक्सवर गेटवरून परत फिरावं लागतं. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे बुकिंगची पावती कागदावर छापून घ्या. पावतीत गाडी आणि गाईडचे पैसे धरलेत की वेगळे द्यायचेत हेही आधीच वाचा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. छापलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर हजर राहा.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक थंडीची. विदर्भ म्हणजे उकाडा, या समजुतीने लोक एका स्वेटरवर येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, आणि उघड्या जिप्सीत वारा थेट अंगावर येतो. लोकरीतून वारा आरपार जातो, म्हणून स्वेटरच्या वर वारा अडवणारं जाकीट हवंच. आत सुती बनियन, मग स्वेटर, मग जाकीट. कानटोपी, हातमोजे, आणि मांडीवर घ्यायला मुक्कामावरचं ब्लँकेट. नऊनंतर एकेक थर उतरवत जायचं. धुळीसाठी नाक-तोंड झाकेल असा दुपट्टा. रंग मातकट, हिरवे. पांढरा आणि भडक लाल नको.

चहा निघताना अर्धाच कप. आत उतरता येतं ते ठरवून दिलेल्या जागीच, आणि ती जागा केव्हा येईल ते आपल्या हातात नसतं.

एप्रिल-मे मध्ये पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतात आणि दिसण्याची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा 45 अंशांच्या पुढे जातो. लहान मुलांना आणि वयस्कांना त्या दिवसांत नेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. जायचंच असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी बरोबर ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट देत राहा.

प्रश्न : दोन फेऱ्या झाल्या, वाघ दिसला नाही, मुलं कंटाळली. चालक गाडी एका रस्त्यावरून दुसऱ्यावर पळवत होता. फेरीत करायचं तरी काय? (पुणे)

थांबायचं आणि ऐकायचं. गाडी पळवली की इंजिनाचा आवाज जंगलातली प्रत्येक खूण बुजवतो. फेरी सुरू होतानाच गाईडला सांगा, ‘आम्हाला घाई नाही, पाणवठ्यावर इंजिन बंद करून थांबा.’ असं स्पष्ट सांगितलं की बहुतेक गाईड खूश होतात. त्यांच्यावर वाघ दाखवण्याचं दडपण पर्यटकांनीच आणलेलं असतं.

इंजिन बंद केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच कळत नाही. मग पक्षी पुन्हा बोलायला लागतात. दहा-पंधरा मिनिटं द्या. ऐकायचे ते तीन कॉल, म्हणजे प्राण्यांच्या धोक्याच्या हाका. चितळाचा बारीक, तीक्ष्ण, शिट्टीसारखा. चितळ बिचकतंही लवकर, त्यामुळे एखाद-दुसऱ्या हाकेवर धावू नका. वानराचा खोकल्यासारखा, झाडाच्या शेंड्यावरून. तो कुठे तोंड करून बसलाय ते बघा, धोका त्या दिशेला असतो. आणि सांबराचा खोल, घुमणारा ‘ढाँक’. सांबर उगाच ओरडत नाही. ते पुन्हा पुन्हा ओरडत असेल आणि आवाजाची जागा सरकत असेल, तर काहीतरी चालत येतंय. तो बिबट्याही असेल, रानकुत्रेही असतील.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची माती. ताडोबाच्या कच्च्या वाटेवर बारीक धूळ असते आणि वाघ वाटेनेच चालतो. ठशात चार बोटं आणि मागे तीन उंचवट्यांची गादी दिसते, नखं उमटत नाहीत. नखांच्या टोकांच्या खुणा असतील तर कुत्र्याच्या जातीचा प्राणी. लांब नखांच्या रेघा पुढे उमटल्या असतील तर अस्वल. आता टायरची रेघ बघा. ठसा टायरच्या नक्षीवर उमटला असेल तर वाघ त्या गाडीनंतर गेलाय, ताजा आहे. टायरने ठसा मोडला असेल तर आधीचा. आणि ठशावर दवाच्या थेंबांचे बारीक खड्डे पडलेले असतील तर तो रात्रीचाच. अकरा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की उरलेली फेरी तो गाडीच्या कडेला वाकून खालीच बघतो. त्याला धरून ठेवा.

प्रश्न : बोरिवलीत मुलांना पायी नेताना बिबट्याची भीती वाटते. ती खरी आहे की अफवा? (मुलुंड)

बिबटे तिथे आहेत, म्हणून काळजी खरी. पण दिवसाढवळ्या मळलेल्या वाटेवर, घोळक्यात चालणाऱ्या माणसांपासून बिबट्या दूरच राहतो. पहाटेचा अंधार आणि संध्याकाळची कातरवेळ टाळा. मूल सगळ्यांत पुढे किंवा सगळ्यांत मागे नको, मधे हवं. झुडपाआड मुलाला एकट्याला लघवीला बसवू नका. खाली बसलेलं लहान शरीर बिबट्याला माणूस वाटत नाही. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. मुलाला जवळ उचलून घ्या, ताठ उभे राहा, मोठ्याने बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या.

दुसरी बाजू कचऱ्याची. उरलेलं अन्न टाकलं की भटकी कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे येतो. वनविभागाने 2011 मध्ये सुरू केलेल्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) या उपक्रमात हाच मुद्दा आसपासच्या वस्त्यांपर्यंत पोचवला गेला. डब्यातली सालं, हाडं, कागद, सगळं घरी परत न्या.

शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी आणि गाईड घेऊनच जायचं. पावसाळ्यानंतर तिथे दोन झाडांमध्ये ताणलेली जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी दिसतात, ऊन पडलं की धागा सोनेरी चमकतो. त्याच दिवसांत गवतात गोचीड असतात. पँट मोज्यांत खोचा, आणि घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल लावत बसू नका.

प्रश्न : एकच दुर्बीण घ्यायची आहे, दोन्हीकडे चालेल अशी. 8×42 की 10×50? (कोल्हापूर)

8×42. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि जिप्सीत शेजारचा नुसता हलला तरी चित्र नाचतं. शिवाय दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाची जाडी कळते. 42 भागिले 8, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. पहाटेच्या झाडीत ती पुरते. 10×50 मध्ये ती पाच, आणि वजन मात्र बरंच जास्त. मुलांच्या हातात 8×32 हलकी पडते.

दुर्बीण ‘धूसर’ म्हणून परत करणारे बहुतेक जण ती जुळवतच नाहीत. उजवं भिंग झाका, डाव्या डोळ्याने लांबच्या फांदीवर मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावं झाका आणि उजव्या डोळ्याशी असलेली कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. कडीची जागा लक्षात ठेवा; पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर गोलाच्या कडा काळ्या दिसतात.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला यातलं काय जमेल? (अंधेरी)

कान्हेरीच्या पायऱ्या नकोत. मुंबईतच धारावी-माहीमजवळ, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकर, एकेकाळी शहराचा कचरा टाकायची जागा, आज दाट झाडी. फुलपाखरं, पक्षी आणि बेताचं चालणं, सकाळचे दोन तास छान जातात. ताडोबाही त्यांना जमेल, फक्त मागच्या बाकावर बसवू नका. ते मागच्या चाकांवर येतं आणि प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. पुढच्या बाकावर, कडेची दांडी धरता येईल अशी जागा द्या. चढताना पायरी उंच असते, एक छोटं स्टूल मुक्कामावरून मागून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात यातलं काय सुरू असतं? (पनवेल)

ताडोबाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. बफरची काही गेटं सुरू राहतात, पण मुसळधार पावसात फेरी रद्द होऊ शकते. बोरिवली मात्र पावसाळ्यात बघावी अशी. कान्हेरीच्या कातळावरून पाणी वाहतं आणि चर-पोढ्यांचं काम डोळ्यांसमोर सुरू असतं. कातळावर हिरवट-काळा थर दिसला तर तिथे पाय टाकू नका. तो शेवाळाचा असतो आणि नव्या बुटाचाही तळ त्यावर धरत नाही. खोल खाचांचे रबरी तळवे, दोन्ही हात मोकळे, छत्रीऐवजी रेनकोट. ओढ्याचं पाणी गढूळ झालं किंवा त्यात पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर पाऊस वाढलाय, लगेच काठ सोडा. कारवीच्या फुलांसाठी जायचं असेल तर थांबावं लागेल. बोरिवलीत ती 2016 नंतर 2024 मध्ये फुलली, त्या हिशेबाने पुढचा बहर 2032 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात.